चौथी पायरी

माझ्या जिभेला हाड नाही, हे मला कुणी सांगायची गरज नाही. एकतीस वर्षं कॉलेजच्या वसतिगृहाची मेस चालवली, तीनशे पोरांना दोन वेळा जेवू घातलं, ते काय गोड गोड बोलून? पोरं तोंडावर मावशी म्हणायची आणि पाठीमागे तोफ. मला दोन्ही चालायचं. नियम मात्र माझा एकच. शेवटचं ताट उठलं की एकूण एक भांडं घासून पालथं झालं पाहिजे. अर्धं भरलेलं, झाकून ठेवलेलं, ‘उद्या बघू’ म्हणून कोपऱ्यात सरकवलेलं काही खपवून घ्यायची नाही. पाण्याची टाकी दर शनिवारी रिकामी व्हायची, आत माणूस उतरून ब्रश मारायचा, मगच नवं पाणी. माझ्या मेसचं पाणी पिऊन एक पोर कधी आजारी पडलं नाही. ही बढाई नाही हं. पुढे जे झालं ते यातूनच झालं, म्हणून आधी सांगते.

माझा धाकटा भाऊ पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, भिंतीवरच्या भल्यामोठ्या जाहिरातीसुद्धा. सगळे त्याला पेंटरच म्हणायचे. लग्न त्याचंही झालं नाही, माझंही नाही, त्यामुळे आम्ही दोघं एकाच घरात, सकाळ-संध्याकाळ भांडत मजेत होतो. मग एक दिवस भिंत रंगवताना तो तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून खाली आला. जीव वाचला, पण कमरेखाली जोर राहिला नाही. पाय होते, बोटं हलत होती, पण उभं केलं की ओल्या फडक्यासारखा खाली बसायचा.

व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. बोलायला फार कडक, म्हणून मला आवडल्या. त्या म्हणाल्या, “जे परत यायचं ते पहिल्या वर्षात येतं. त्यानंतर आहे तेवढ्यावर भागवायचं. याला पाण्यात चालवा. पाण्यात अंग हलकं होतं, पाय भार घ्यायला शिकतात.” गावातल्या तरणतलावाला उतरायला उभी शिडी. तिथे याला कोण उतरवणार? पण आमचं घर लहान असलं तरी मागचं अंगण मोठं आहे. अपघाताची भरपाई मिळाली त्यात आम्ही अंगणात फायबरग्लासचा पूल, म्हणजे छोटा तरणतलावच, बसवायचं ठरवलं. लोक म्हणाले, म्हातारीला चैन सुचली. म्हणू देत.

पूल आला त्या दिवशी गल्ली बंद झाली होती. पुढे क्रेन, मागे ट्रक, ट्रकवर हे निळं धूड, एका तुकड्यात ओतलेलं. क्रेनने ते आमच्या कौलांवरून उचलून मागे नेलं. खड्डा आधीच खणून तयार होता, तळाला वाळू पसरून पूल बसवणाऱ्या फिटरने ती लाकडी फळीने इतकी सपाट केली होती की माझं पोळपाट झक मारेल. मग आत पाणी सोडलं आणि बाहेरच्या फटीत बारीक खडी. आत वीतभर पाणी चढलं की बाहेर वीतभर खडी, दोन्ही बरोबरीने. दोन दिवस हेच चाललं.

फिटर शांत माणूस. सगळं झाल्यावर त्याने मला आणि चाकाच्या खुर्चीतल्या पेंटरला पुलाच्या कडेला, जमिनीत उभा पुरलेला एक पांढरा पाइप दाखवला. वर झाकण होतं. “मावशी, जमिनीत पाणी किती चढलंय ते यात दिसतं. आणि एक गोष्ट नीट ऐका. हा पूल कधीही रिकामा करायचा नाही. आतलं पाणी याला खाली दाबून धरतं. ते काढलंत तर जमिनीतलं पाणी याला खालून वर ढकलेल.”

“एवढं मोठं धूड वर यायला ते काय फुगा आहे?” मी म्हटलं.

“रिकामं पातेलं पाण्याच्या हौदात टाकून बघितलंय का कधी?”

एकतीस वर्षं तेच बघितलं होतं. भांडी घासायच्या हौदात भरलेलं पातेलं तळाला बसतं आणि रिकामं डुलत वर येतं. मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, गड्या, हे सगळं तू कशासाठी सांगतोयस ते कळतं मला. बाईमाणसाने हात लावू नये आणि दर वेळी तुलाच बोलवावं. माणूस चांगला बोलला तरी मला त्यात काळंबेरं दिसतं, हा माझा जुना रोग.

पुलाच्या एका टोकाला चार पायऱ्या होत्या, त्याच फायबरमध्ये घडवलेल्या. तळ तिकडे चढत जातो. म्हणजे जितकं पायऱ्यांकडे जावं तितकं पाणी कमी आणि पायांवर भार जास्त. पहिल्या दिवशी मी आणि व्यायामाच्या बाईंनी पेंटरला पट्ट्याने धरून उतरवलं. छातीभर पाण्यात तो उभा राहिला. दोन पायांवर, कुणी न धरता. चार महिन्यांनी मी त्याला उभा बघत होते. मला विसरच पडला होता की तो माझ्यापेक्षा उंच आहे.

“ताई, रडतेस की काय?” तो म्हणाला.

“क्लोरीन गेलं डोळ्यात.”

“अजून टाकलंच नाहीये ते.”

मग रोजचं ठरून गेलं. सकाळी मी आधी जाळीने पानं काढायची, फिल्टरच्या टोपलीतला कचरा झटकायची, काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायची आणि रंग बघायची. मग याला उतरवायचं. महिन्याभरात तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागला. नंतर पहिली पायरी चढला. त्यानंतर सहा आठवड्यांनी दुसरी. तिथे पाणी जेमतेम मांडीपर्यंत. पाय लटलट कापायचे, ओठ दाताखाली, पण उभा. “चौथी पायरी चढून बाहेर येईन ना,” तो म्हणायचा, “त्या दिवशी खुर्चीला नवा रंग देऊन कुणाला तरी देऊन टाकू.” वर्ष संपायला अजून चार महिने होते. बाई म्हणाल्या, होईल. त्या बाई उगाच काही बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

माझ्या जिवाला घोर एकच. पाणी तेच होतं. गाळून गाळून तेच, औषध घालून तेच. चार महिने एकच पाणी भांड्यात ठेवायचं, ही गोष्ट मला झोपेतसुद्धा टोचायची. तो पांढरा पाइपही डोळ्यात खुपायचा. त्यात डास होतील म्हणून मी त्यावर एक मोठी कुंडी ठेवून दिली.

मग दहा दिवस पावसाची झड लागली. ऊन नाही, वीज सारखी जाणारी, फिल्टर बंद. पाणी हिरवं झालं, भिंती बुळबुळीत. पेंटर तरी उतरला आणि दोन दिवसांत त्याच्या मांड्यांवर लाल चट्टे उठले. फिटरला फोन केला. तो म्हणाला, “क्लोरीनचा मोठा डोस द्या, ब्रश मारा, फिल्टर सलग चालू ठेवा. पाणी निवळेपर्यंत त्यांना उतरवू नका. चार-पाच दिवस लागतील. आणि पाणी काढायचं नाही, लक्षात आहे ना?”

“आहे आहे,” मी म्हटलं.

तीन दिवस झाले. पाणी हिरव्याचं दुधट झालं, निवळेना. पेंटर खाटेवर पडून पाय चोळत बसायचा. “ताई, कडक होतायत गं,” म्हणाला. बस्स. माझं डोकं फिरलं. घाण भांडं, त्यात औषध ओतत बसायचं, ही कुठली रीत? रिकामं करावं, घासावं, भरावं. एका दिवसाचं काम! संध्याकाळी तो स्वच्छ पाण्यात उभा असता.

कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेतून मी चिखल उपसायचा पंप आणला. त्याला काही सांगितलं नाही. म्हटलं, उठेल तेव्हा बघेल, खूश होईल. उजाडल्या उजाडल्या पंप लावला. काय तो आवाज! कानठळ्या बसत होत्या. तीन तासांत तळ दिसायला लागला. मी गमबूट घातले, लांब दांड्याचा ब्रश घेतला आणि आत उतरले. खरं सांगते, फार बरं वाटत होतं मला. हात चालत होते, हिरवं सुटत होतं, खालून निळं निघत होतं. कितीतरी दिवसांनी मी माझ्या कामावर होते.

घरातून हाक आली. “ताई!”

“आले!” मी ओरडले. आले नाही.

पुन्हा, “ताई!” आणि पुढे काहीतरी. पंपाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

“अरे, घर कशाला डोक्यावर घेतोयस? चहा मिळेल, जरा दम धर!”

तिसरी हाक लांबलचक होती. माझा ब्रश कोपऱ्यात पोचला होता, अशा वेळी कुणी मधे बोललेलं मला खपत नाही. मी खेकसले, “गप पडून राहा रे! तुझंच करतेय!”

त्यानंतर हाक आली नाही.

मग पायाखाली काहीतरी हललं. तळ मऊ लागला. जिथे मी उभी होते तिथे तो फुगत होता, भाकरी फुगते तसा. जमिनीच्या आत काहीतरी कण्हल्यासारखा आवाज झाला. मी कशी बाहेर पडले मला आठवत नाही. मागे वळून बघते तर कडेच्या फरशा एकेक करून उलटत होत्या, नळ काडकाड मोडत होते आणि पायऱ्यांची बाजू वर येत होती. हळूहळू. घाई नाही, काही नाही. हातभर वर येऊन ती वाकडी थांबली. पायऱ्यांमधून वरपासून खालपर्यंत एक चीर गेली होती, चारही पायऱ्या दुभंगून.

मी कुंडी ढकलून पाइपाचं झाकण काढलं. पाणी काठापासून वीतभर खाली होतं. नुसतं डोकावले असते तरी पुरलं असतं.

दुपारी फिटर आला. पुलाभोवती एक फेरी मारली, चिरेवरून हात फिरवला, पाइपात बघितलं. वाटलं, आता हा बोलणार. बोलला असता तर बरं झालं असतं. पेंटरची खुर्ची मी मागच्या दारात आणून ठेवली होती.

“दुरुस्त नाही होणार,” फिटर त्याला म्हणाला. “पिळलाय. कापून काढावा लागेल. नवा बसवायचा तर जमीन सुकायला हवी. उन्हाळ्यापर्यंत काही करता येणार नाही.”

उन्हाळा सात महिन्यांवर होता. आमच्याकडे होते चार. हिशोब तिघांनाही कळला.

मग फिटरने खालच्या आवाजात विचारलं, “पाणी कुणी काढलं?”

माझं तोंड उघडलं. ज्या तोंडाने आयुष्यभर कुणाची भीड ठेवली नाही, त्यातून शब्द फुटेना.

“मी सांगितलं तिला,” पेंटर म्हणाला. “ती नकोच म्हणत होती. मीच हट्ट धरला.”

फिटरने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. आणि तसंच राहू दिलं. त्याची मला आजही शरम वाटते, पूल फुटल्याच्या शरमेपेक्षा जास्त.

तो गेल्यावर मी भावाच्या पायाशी बसले. “खोटं कशाला बोललास?”

“जाऊ दे ना. आता काय उपयोग?”

“मला बोल तरी काहीतरी. शिव्या घाल.”

त्याने अंगणाकडे बघितलं. मग म्हणाला, “आवाज फिल्टरचा नव्हता. जाग आली तेव्हाच कळलं मला.”

“मग ओरडून सांगायचं ना रे, पाणी काढू नकोस म्हणून!”

“ओरडलो की, ताई,” तो म्हणाला. रागाने नाही, सहज. “खाटेवरून उतरायचा पण प्रयत्न केला.”

तेव्हा मला त्याच्या कोपराची सोललेली कातडी दिसली. सकाळी मी त्याला जमिनीवरून उचलून खाटेवर ठेवलं होतं, हे त्या गडबडीत माझ्या डोक्यातच शिरलं नव्हतं. उलट, खाली कसा पडलास म्हणून मी त्याच्यावर करवादले होते.

पुढच्या आठवड्यात माणसं आली, पुलाचे कापून तुकडे केले आणि घेऊन गेली. खड्डा मातीने भरला. व्यायामाच्या बाई आणखी काही महिने आल्या, खाटेवरच पाय वाकवून घ्यायच्या. वर्ष पुरं झालं त्या दिवशी त्यांनी त्याला उभं करून बघितलं, पुन्हा बसवलं, वहीत काही लिहिलं आणि माझ्याकडे न बघता चपला घातल्या.

मला वाटायचं, कधीतरी त्याचा संताप बाहेर पडेल. पडला नाही. तो माझ्याशी नीट बोलतो, हसतोसुद्धा. फक्त हाक मारत नाही. तहान लागली तरी नाही, पडलेला पाय उचलून ठेवायचा असला तरी नाही. मी आपणहून खोलीत जाईपर्यंत वाट बघत बसतो. मी भांडी घासता घासता नळ बंद करून ऐकते. मग हात पुसून दाराशी जाते आणि विचारते, “हाक मारलीस का रे?”

“नाही, ताई,” तो म्हणतो. “तुझं चालू दे.”