राणीचं लुगडं

वासुदेवरावांनी राणीचं लुगडं थेटरातल्या पेटीतून काढून नाकाशी नेलं आणि त्यांचं टाळकं सणकलं. कुणीतरी ते नेसलं होतं. घडी मोडलेली, पदराला खोबरेलाचा वास. वास ओळखीचा, पण कुणाचा ते ध्यानात येईना.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली, तरी आर्वीच्या त्या जुन्या थेटरात बाईनं रंगमंचावर पाय ठेवला नव्हता. बायकांनी वर गॅलरीत बसून बघायचं. नाटकात राणी उभी राहायची ती वासुदेवरावच. दिवसा सरकी काढायच्या जिनात कापूस तोलायचा, संध्याकाळी लुगडं नेसायचं. त्यापायी त्यांनी जन्मात मिशी ठेवली नाही, लोकांची चेष्टा सोसली. आता आवाज चिरकायला लागला होता, खरं आहे. पण म्हणून काय कुणीही उठावं नि राणी व्हावं?

कुणीही कशाला? प्रभाकरच! नाटक मंडळातला तरणा गडी, गळा गोड, आणि परवाच त्यानं मिशी उतरवली होती. थेटराच्या किल्ल्या दोनच. एक वासुदेवरावांच्या घरी खुंटीला, दुसरी त्याच्याकडे.

"मिशी काऊन काढली बे?" त्यांनी तालमीत विचारलं.

"उकडून राह्यलं, काका."

पौषात उकडतं म्हणे!

दुसऱ्या दिवशी भरदुपारी ते जिनातून निसटून थेटराच्या मागल्या दाराशी आले. दार नुसतं लोटलेलं. आतून राणीची वाक्यं येत होती. आज रंगेहाथ धरतो लेकाले, असं पुटपुटत त्यांनी चपला हातात घेतल्या.

पडद्याच्या फटीतून पाहिलं. राणी पाठमोरी उभी होती. राजा वनात निघतो तो प्रवेश. इथं वासुदेवराव पदर तोंडाला लावून हुंदका देत आणि हमखास टाळी घेत. या राणीनं हुंदका दिला नाही. "जा," एवढंच हळू म्हणाली, आणि रिकाम्या खुर्चीवरचं उपरणं उचलून त्याची घडी घालत राहिली. वासुदेवरावांचे हात टाळीसाठी उठले; हातात चपला होत्या.

मग ती वळली. कांता! त्यांची बायको. मंडळाचे कपडे धुणारी, घरी चुलीपुढे बसून त्यांच्याकडून राणीची वाक्यं पाठ करून घेणारी.

ते आल्या पावली परतले.

सकाळी कांतानं दाढीचं पाणी आणून ठेवलं. नाटक महिन्यावर आलं होतं. वासुदेवरावांनी गालांना साबण लावला, वरचा ओठ कोरडाच ठेवला.

"मिशी राह्यली ना," ती म्हणाली.

"राहू दे."

"मंग राणीले कोन उभं राहीन?"

त्यांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"तो 'जा' जरा जोरानं म्हनजो. मागच्या रांगेले आयकू गेला पाह्यजे."