वाल्दिरच्या डाव्या नडगीवर

मी एक जुना शिनपॅड आहे. फुटबॉल खेळताना नडगीवर बांधतात ना, तो. बाहेरून कडक प्लास्टिक, आतून मऊ स्पंज. मित्रांनो, माझा जन्म ब्राझीलमधल्या एका कारखान्यात झाला. वाल्दिर नावाचा तिथलाच एक तरुण पहिल्यांदा मोठ्या संघात निवडला गेला, तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीने आमची जोडी त्याला आणून दिली. मी डाव्या पायाचा.

वाल्दिर बचावफळीत खेळायचा. गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात, गोल होऊ न देणारा मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. त्याला त्याचे काही वाटत नसे. समोरच्याच्या पायातून तो चेंडू काढायचा, बुटांचे खिळे माझ्यावर घासायचे, मला चरे पडायचे आणि त्याची नडगी शाबूत राहायची. ब्राझीलहून आम्ही पोर्तुगालला गेलो, तिथून माल्टाला. बूट बदलले, जर्सी बदलली, पण त्याने आम्हाला बदलले नाही. पस्तिशी जवळ आली तेव्हा न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या एका छोट्या क्लबने त्याला बोलावले.

तिथे खेळाडूंच्या दुखापती पाहणारी संघाची फिजिओ होती सानिका. ती मूळची पुण्याची. आठवडाभर इस्पितळात काम करायची आणि शनिवारी आमच्याबरोबर मैदानावर यायची. प्रशिक्षक होते रावीरी, शांत स्वभावाचे माओरी, म्हणजे तिथल्या मूळ समाजातले गृहस्थ.

हंगामातला शेवटचा सामना होता. बरोबरी झाली तरी आमचा क्लब वरच्या गटात टिकणार होता, आणि क्लब टिकला तरच वाल्दिरला आणखी एक वर्ष मिळणार होते. मी मोज्याच्या आत असतो, मला विणीतून अंधुकच दिसते. पण पायावरून मला सगळे कळते. त्या दिवशी पाय नेहमीसारखा घट्ट होता. सामना संपत आला होता, एकही गोल झाला नव्हता. तेवढ्यात कॉर्नरचा चेंडू आला. वाल्दिरने उडी घेतली. दोन डोकी एकमेकांवर आपटल्याचा आवाज मला मोज्यातही ऐकू आला.

तो लगेच उठला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पण मित्रांनो, मी ज्या पायावर होतो तो पाय थरथरत होता. इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते. मला ओरडून सांगावेसे वाटले, पण शिनपॅडला कुठला आवाज?

सानिका धावत आली. आज आपण कुठल्या गावात खेळतोय, असे तिने विचारले. त्याने थोडा वेळ घेऊन हॅमिल्टन म्हणून सांगितले. मी ठीक आहे, मला जाऊ दे, असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मग तिने त्याला डाव्या पायावर उभे राहायला सांगितले. पाय खालून निसटला. तिनेच त्याला सावरले.

बदली खेळाडू सगळे वापरून झाले होते. तो बाहेर गेला तर दहाच जण उरणार होते. रावीरी कडेला येऊन थांबले. थोडाच वेळ उरलाय, तो उभा राहू शकणार नाही का, असे त्यांनी विचारले.

"नाही," सानिका म्हणाली. "तो खेळणार नाही."

वाल्दिर तिला ढकलून मैदानाकडे निघाला. ती त्याच्यासमोर आडवी उभी राहिली, त्याने तिला पुन्हा ढकलले, तेव्हा ती घाईघाईत चक्क मराठीत म्हणाली, "बस खाली. बस म्हणते ना!" त्याला मराठी येत नव्हती. रावीरींनी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो खाली बसला.

अँब्युलन्समध्ये त्याला उलटी झाली. आम्ही वाटेत असतानाच दुसऱ्या संघाने गोल केला. इस्पितळात कळले की त्याच्या डोक्यात रक्तस्राव होत होता. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. तो वाचला. आता पुन्हा कधी खेळायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

क्लब खालच्या गटात गेला. काही जण सानिकाशी बोलेनासे झाले. वाल्दिरही तिच्याकडे पाहत नसे. ती भेटायला आली की तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी त्याच्या खाटेखाली, कपड्यांच्या पिशवीत होतो. ती खुर्चीवर थोडा वेळ बसायची आणि निघून जायची.

एके दुपारी त्याने फोनवर त्या सामन्याचे चित्रण लावले. सानिका आली तरी तो पाहतच राहिला.

"मी तुला ढकललं?" त्याने विचारले.

"हो. दोनदा."

"मला आठवत नाही." त्याने फोन खाली ठेवला. मग म्हणाला, "मी ठीक आहे, असं मला खरंच वाटत होतं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. त्या दिवशी ती निघाली तेव्हा त्याने तिला थोडे थांबायला सांगितले.

आता वाल्दिर मुलांना बचाव शिकवतो. मी त्याच्या गाडीच्या डिकीत पडून असतो. माझा पट्टा तुटला आहे, स्पंज उसवला आहे. मला शिवा, जपा, असे मी म्हणत नाही. मित्रांनो, माझे काम नडगीपुरतेच होते. पण खेळताना डोक्याला मार लागला आणि कोणी तुम्हाला 'बाहेर ये' म्हणाले, तर हवे तेवढे रागवा, पण आधी बाहेर या.