दोऱ्यावरचा गंधार

सुगंधा गेल्याचं मला जिनाच्या फाटकात कळलं. पौष महिना होता, कापसाच्या गाड्या पार रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. मी जळगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या जिनात, फिटर आहे. तिचा धाकटा भाऊ मोतीलाल नशिराबादहून सायकलवर आला. दम्यामुळे ती पंधरवड्यापासून माहेरी होती, म्हणून मला वाटलं हा औषध न्यायला आला. यंत्रांच्या आवाजात मी ओरडून सांगितलं, "बाटली घरी आहे, फळीवर." तो काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही. मग त्याने माझा हात धरून मला बाहेर फाटकाशी आणलं आणि म्हणाला, "भाऊ, बाई गेली." मोठ्या बहिणीला तो बाई म्हणायचा.

मी म्हणालो, "चहा घे आधी." असं का म्हणालो ते मला माहीत नाही. तो रडत होता आणि मी त्याला चहाच्या दुकानाकडे नेत होतो.

मला लिहायचं आहे ते त्यानंतरच्या वैशाखातलं.

आमच्या घरी एक फिडल, म्हणजे व्हायोलिन, होतं. जळगावात एक नाटक कंपनी मोडली, तेव्हा तिच्या वादकाने जाताना ते मला दिलं होतं. शिकवायला कोणी नव्हतं. पेटीला पट्ट्या असतात, सतारीला पडदे असतात, फिडलला काहीच नसतं. बोट कुठे ठेवायचं ते दिसत नाही. मी फिटर माणूस, मला खूण लागते. म्हणून फिडलच्या मानेला मी चार काळे दोरे बांधले, सतारीच्या पडद्यांसारखे आडवे. ते कुठे बांधायचे हे सुगंधाने सांगितलं. तिला सा रे ग म येत नव्हतं. ती आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची, गाणी म्हणायची, झोक्यावरची, आणि गल्लीतल्या बाया तिच्या मागून म्हणायच्या. गेल्या दिवाळीनंतर संध्याकाळी ती भिंतीला टेकून बसायची आणि गाण्यातला एकेक सूर लांब धरायची. मी बोट सरकवत त्या सुरापाशी आणायचो. "पुढे गेलं," ती म्हणायची, "मागे घ्या. आता ठेवा तिथेच." तिथे मी दोरा बांधायचो.

ती गेल्यावर मी फिडलला हात लावला नव्हता.

आखाजीला तिच्या नावाने घागर भरली. मोठी बहीण भागाबाई, आमची अक्का, पारोळ्याहून आली होती. त्याच आठवड्यात बाजारात वाद्यांच्या तारा विकणाऱ्या युसूफभाईने मला थांबवून सांगितलं की धुळ्याला सुट्टीत एका शाळेत व्हायोलिनचं शिबिर भरणार आहे. मुंबईचे दोन वादक येणार, एक रेडिओवर वाजवणारे, दुसरे सिनेमाच्या वाद्यवृंदातले. आठवडाभर शिकवणार आणि शेवटच्या दिवशी शिकणारे सगळे मिळून लोकांसमोर वाजवणार. कापसाचा हंगाम संपल्यामुळे जिन तेव्हा बंदच होतं. मला त्या सगळ्यांत बसून वाजवायचं होतं. तोवर मी कधी दुसऱ्या कुणाबरोबर वाजवलं नव्हतं. ते ऐकल्यापासून माझं जेवणात लक्ष लागेना.

"वरीस व्हयनं नही अजून," अक्का म्हणाली. "दुखवटाना घरमा वाजा?"

"घरात नाही अक्का. धुळ्याला."

ती जरा वेळ डांगर चिरत राहिली. "धुयामा तुले कोन वळखस," म्हणाली. "जाय. पन पारोळाले गाडीमाईन उतरू नको. मना सासरना लोक फिडलनी पेटी देखतीन, मंग माले इचारतीन."

मी पारोळ्याला उतरलो नाही. पेटी मांडीवर आणि तिच्यावर पंचा टाकून मी थेट धुळ्यापर्यंत बसून राहिलो.

शाळेच्या मोठ्या वर्गातली बाकं बाहेर काढून सतरंज्या घातल्या होत्या. खिडक्यांना वाळ्याचे पडदे होते, त्यांच्यावर शिपाई पाणी मारत होता. मी आत गेलो तशी पोरं उठून उभी राहिली. बहुतेक शाळा-कॉलेजातली होती, माझ्या पांढऱ्या मिशा पाहून त्यांना मीच मास्तर वाटलो. माझ्याशिवाय थोराड असा एकच होता, धुळ्याच्या लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारा अय्युब.

"बसा रे," तो पोरांना म्हणाला, "हाऊ आपलामाधलाच शे. मास्तरले इतला घाम येत नही."

मी त्याच्या शेजारी बसलो.

पहिली सकाळ आग्नेलो मास्तरांची. ते गोव्याचे, सिनेमाच्या वाद्यवृंदातले. उभं राहून, फिडल हनुवटीखाली धरून वाजवायचे. त्यांनी आम्हाला सूर वाजवूच दिले नाहीत. नुसत्या मोकळ्या तारेवर गज ओढायचा, वर आणि खाली, सगळी सकाळ. माझ्यापाशी आले आणि थांबले.

"लाकूड कापता काय तुम्ही?"

"कानस मारायची सवय आहे, साहेब. जिनात फिटर आहे मी."

"कानस कशी मारता? वाकडी?"

"सरळ. वाकडी गेली तर काम बिघडतं."

"मग तशीच मारा ना बाबा. घाई कशाला? तार काय पळून जाते?"

मी डोळे मिटले. समोर वाइस आहे, तिच्यात लोखंडाचा तुकडा पकडलाय आणि शेवटचा हलका हात द्यायचा आहे, असं मनात धरलं. खांदा सोडला, मनगट सोडलं. गज तारा पेलणाऱ्या घोडीशी समांतर सरळ निघाला आणि माझ्या फिडलमधून एक लांब, भरलेला आवाज आला. तसा आवाज त्यातून कधी निघाला नव्हता. मला वाटलं शेजारच्याचा आहे. डोळे उघडून पाहिलं तर अय्युब गज खाली ठेवून माझ्याकडे बघत होता.

"आते जिन चालू व्हयनं," तो म्हणाला.

मग मास्तरांनी सगळ्यांना एकदम षड्ज, म्हणजे सा, धरायला लावला. माझ्या कामाच्या जागी प्रत्येक यंत्र आपापलं ओरडतं. इथे सगळी फिडलं एकच बोलत होती. दाराची काच थरथरायला लागली, छातीला टेकलेलं लाकूड थरथरायला लागलं. शाळेचा कारकून काय झालं ते बघायला आला आणि दारातच उभा राहिला. मी धर्मशाळेत उतरलो होतो. त्या दिवसापासून मला सकाळ कधी होते असं झालं. शिपायाने कुलूप काढायच्या आत मी आणि अय्युब फाटकाशी हजर असायचो.

दुसरे गुरू दाबकेसाहेब, रेडिओवरचे. ते मांडी घालून बसायचे आणि फिडलचं टोक पायावर टेकवायचे. उभं राहावं की बसावं यावरून दोघांचं रोज चालायचं. आग्नेलो मास्तर म्हणायचे, "बापू, तू झोपून वाजव आता, तेवढंच राहिलं." दाबकेसाहेब हसायचे नाहीत, पण तंबोरा जुळवता जुळवता त्यांचे कान लाल व्हायचे.

शेवटच्या दिवसासाठी त्यांनी भूप रागातली एक गत घेतली. सोपी होती, पोरांनी पटकन उचलली. मीही उचलली. सगळे मिळून वाजवायला लागलो आणि दाबकेसाहेबांनी हात वर केला.

"कुणाचा तरी गंधार उतरतोय."

कुणाचा ग खाली लागतो ते शोधायला त्यांनी एकेकाला वाजवायला लावलं. माझ्यापाशी थांबले.

"पुन्हा."

मी पुन्हा वाजवलं.

"पुन्हा."

ते उठून माझ्यासमोर येऊन बसले. "चूक असते ती दर वेळी वेगळी होते," ते म्हणाले. "तुमचा गंधार उतरतो, पण दर वेळी तेवढाच. जरासुद्धा हलत नाही. असं कसं?" मग त्यांना दोरे दिसले. "हे काय आहे? काढा हे."

"राहू द्या साहेब."

"राहू द्या. पण मग शेवटच्या दिवशी समोर ऐकायला बसा. भूपात गंधारावर सगळी मदार. एकाचा उतरला तर लोकांना सगळेच बेसूर वाटतात."

ते रागावले नव्हते. खरं तेच सांगत होते.

जेवणाच्या सुट्टीत पोरं बाहेर गेली. मी जागचा उठलो नाही. अय्युबने माझ्याजवळ बसून शिदोरी सोडली.

"दोराच तं शे भाऊ. सरकाडी दे थोडासा वर."

"सरकवला तर तो तिचा राहणार नाही."

"कोना?"

मी त्याला सांगितलं. सुगंधाचा फोटो काढलेला नव्हता. तिच्या आवाजाचं माझ्याजवळ जे काही होतं ते त्या दोऱ्यांच्या जागांत होतं. अय्युबने घास खाली ठेवला.

"मंग ते गानं वाजाड," तो म्हणाला. "माले ऐकू दे."

मी आखाजीचं गाणं वाजवलं. पूर्वी वाजवायचो तेव्हा ते तुटक तुटक यायचं. आता गज सरळ चालत होता, गाणं अखंड निघालं. मला इतका आनंद झाला की शेवट आला तसा न थांबता मी पुन्हा सुरुवात केली. दोन्ही गुरू शेजारच्याच खोलीत जेवत होते ते माझ्या ध्यानात नव्हतं. थांबलो तेव्हा दाबकेसाहेब दारात उभे होते, त्यांचा हात दहीभाताने भरलेला होता. मागे आग्नेलो मास्तर.

"दोरे कुणाच्या गळ्यावरून लावलेत?"

"बायकोच्या."

"त्यांना श्वास कमी पडायचा का?"

"दमा होता. तीही जिनात कामाला होती, कापसाचं बारीक उडतं ते छातीत गेलं. पौषात वारली."

"तरीच. षड्ज बरोबर आहे. ऋषभ बरोबर आहे. गंधाराला जाताना श्वास पुरला नाही. त्या जिथे थांबल्या तिथे तुम्ही दोरा बांधलात."

मी बोटाकडे बघत राहिलो. तिच्यासमोर बसून मी तो सूर कितीदा ऐकला होता. मला वाटायचं गाण्याची चालच तशी आहे.

"बापू, असू दे ना," आग्नेलो मास्तर म्हणाले. "छान वाजवतो माणूस. का काढायला लावतो?"

"मी नाही लावत. यांना सगळ्यांत बसायचंय." दाबकेसाहेब माझ्याकडे वळले. "बसायचंय ना, शालिग्रामराव?"

"हो."

"मग ऐका. दोरा बोटाला सांगतो, कानाला सांगत नाही. आज दुपारभर ओट्यावर बसून त्यांचाच गंधार वाजवा, दुसरं काही नको. कानात पक्का बसला की दोरा तोडा. मग दोन्ही गंधार तुमच्याजवळ राहतील."

मी ओट्यावर बसलो. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. उकाड्याने खुंट्या सैल पडायच्या, गजाला लावायची राळ मऊ व्हायची, मी तार पुन्हा चढवायचो आणि पुन्हा तोच सूर ओढायचो. आतून पोरांची गत ऐकू येत होती, आणि मला आत जाऊन बसायची इतकी ओढ लागली होती की माझीच मला लाज वाटली. सुगंधाचा सूर तिथे सोडून जायला मी एवढा उतावीळ कसा झालो? पण उतावीळ झालो होतो. ऊन कलताना मी अय्युबला हाक मारली. त्याच्याजवळ दाढीचं पातं होतं.

"तू तोडस का मी तोडू?"

"मीच तोडतो."

चारही दोरे तुटले. लाकडाची पट्टी काळी, तिच्यावर खूणसुद्धा राहिली नाही. त्या संध्याकाळी मला एकही सूर लागला नाही. वकिलाची एक मुलगी वर्गात होती, ती तोंडावर पदर धरून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाबकेसाहेबांनी मला तंबोऱ्याला कान लावून बसवलं. "खालची तार ऐका. ती नुसता षड्ज बोलत नाही. आत आणखी एक सूर आहे." मी ऐकत राहिलो. आधी नुसता घुमारा होता. मग त्या घुमाऱ्यात वर कुठेतरी, कोणी छेडलेला नसताना, गंधार बोलायला लागला. मी गज उचलला, बोट टेकवलं, जरासं वर नेलं आणि माझा सूर त्या सुरात शिरला तसा दिसेनासा झाला.

"आहे," दाबकेसाहेब म्हणाले.

मी पुन्हा वाजवला. पुन्हा लागला. मी इतक्यांदा वाजवला की आग्नेलो मास्तर म्हणाले, "आता सोडा त्याला, दमला तो."

शेवटच्या दिवशी शाळेचं पटांगण भरलं होतं. पुढे गावातली प्रतिष्ठित मंडळी, मागे अय्युबचा सगळा बँड. आम्ही रांगा करून बसलो, मी दुसऱ्या रांगेत अय्युबशेजारी. दाबकेसाहेबांनी मान हलवली आणि सगळे गज एकदम उठले. गत संथ सुरू झाली, मग तबल्याने लय चढवली. गंधार आला की माझं बोट जागेवर जात होतं, न बघता, दर वेळी. लय आणखी चढली तेव्हा मला माझं फिडल वेगळं ऐकू येईना. ते सगळ्यांत मिसळून गेलं होतं. मला हसू येत होतं आणि ते आवरत नव्हतं. शेवटच्या आवर्तनाला मागचा बँड उठून उभा राहिला.

टाळ्या थांबल्यावर अय्युब कानाशी म्हणाला, "तुना गंधार माले काई ऐकू ऊना नही, भाऊ. बठ्ठास्मा मिळी गया."

आग्नेलो मास्तरांनी जाताना मला राळेचा एक तुकडा दिला. दाबकेसाहेबांनी सांगितलं, रोज वाजवा.

मी रोज वाजवतो. वर्ष झालेलं नाही म्हणून घरात वाजवत नाही. जिन बंद आहे, मालकांना विचारून तिथल्या रिकाम्या गोदामात बसतो. आधी भूप वाजवतो, गंधार लगेच लागतो. मग आखाजीचं गाणं घेतो. षड्ज लागतो, ऋषभ लागतो, आणि पुढे दाबकेसाहेबांनी दिलेला गंधार लागतो. तो शुद्ध आहे, पण सुगंधा तिथे कधी पोचत नव्हती. मी बोट मागे घेतो. कधी फार मागे जातं, कधी थोडं कमी. त्या दुपारी ओट्यावर कानात पक्का बसला असं मला वाटलं होतं. दोऱ्याशिवाय तिचा गंधार मला अजून सापडलेला नाही.