सहा हजारांची खूण

उत्कर्षच्या धंद्यात एकच शब्द चालायचा, आणि तो म्हणजे ‘फुल’. रिसोडच्या एसटी स्टँडसमोर एका झेरॉक्सच्या दुकानात त्याने अर्धं टेबल भाड्याने घेतलं होतं. त्या अर्ध्या टेबलावर बसून तो ट्रॅक्टरवाल्यांना, जीपवाल्यांना, मोटरसायकलवाल्यांना विमा विकायचा. गिऱ्हाईक विचारायचं, यात सारं येते ना? हा म्हणायचा, फुल आहे. तेवढ्यावर सही व्हायची. पॉलिसीची बारा पानं गिऱ्हाईक वाचत नसे, आणि विकणाराही वाचत नसे. त्यात गिऱ्हाइकाला दोष देता येत नाही. आपल्या वतीने वाचणारा माणूस इथं बसला आहे, असं समजूनच तो बिचारा त्या टेबलापाशी यायचा.

उत्कर्षचं गाव केनवडच्या अलीकडं, रस्त्याला लागून. गावाच्या उताराला बौद्ध वस्ती, वस्तीच्या तोंडाशी विहार, आणि विहाराला चिकटून एक खोली. त्या खोलीला सगळे अभ्यासिका म्हणायचे. ही खोली ना आमदाराने दिली, ना पंचायतीने. वस्तीतल्या बायांनी नऊ वर्षं दर हंगामात निंदणाची दोन दिवसांची मजुरी बाजूला टाकली, आणि त्यातून ती उभी राहिली. बायांना हा नाद लावला तो अंजनाबाईंनी, म्हणजे उत्कर्षच्या आईने. आठ टेबलं, एक कपाट, दोन ट्यूबलाइटी. तिथं बसून अभ्यास केलेली एक मुलगी नर्स झाली, दोन पोरं पोलिसांत लागली. उत्कर्षनेही विम्याच्या परीक्षेचा अभ्यास तिथंच केला होता, हे अंजनाबाई कुणी न विचारता सांगत.

दसरा झाला आणि सोयाबीन निघालं. एका दुपारी उकंडरावांचा ट्रॅक्टर साठ पोत्यांची ट्रॉली ओढत उतार चढत होता. उकंडराव म्हणजे गावचे जुने सरपंच, चाळीस एकरांचे धनी. ट्रॅक्टर चालवत होता त्यांचा जुना ड्रायव्हर लखीराम. त्याने विहारापाशी गाडी उभी केली आणि तंबाखू मळायला खाली उतरला. चाकामागं दगड लावायचा असतो हे लखीरामला वीस वर्षांपासून माहीत होतं, आणि नेमका त्या दिवशी त्याने तो लावला नाही. ब्रेक सुटला. ट्रॉली आधी हळू, मग भरभर मागं गेली आणि अभ्यासिकेत घुसली. समोरची भिंत आडवी झाली, टिनं खाली आली, कपाट टेबलांवर पडलं. आत बसलेल्या दोन मुली पाणी प्यायला बाहेर आल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या.

संध्याकाळी उकंडराव पायी आले. चपला बाहेर काढून विहारासमोर उभे राहिले, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "भित माया ट्रॅक्टरनं पाडली, भित मीच बांधून देतो." एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडून असं काही ऐकायची कुणाला सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन ट्रॉल्या विटा विहारापाशी येऊन पडल्यासुद्धा, आणि सोबत गवंडी. आता उकंडरावांना वस्तीचा कळवळा आला होता की पोलिसांची भीती वाटत होती, हा प्रश्न विचारता आला असता. भीतीपोटी का होईना, विटा खऱ्या होत्या.

नेमका त्याच वेळी उत्कर्ष रिसोडला निघाला होता. त्याने गाडी थांबवली आणि गवंड्याला हात करून थांबवलं. उकंडरावांच्या ट्रॅक्टरचा विमा त्यानेच उतरवला होता. अशा वेळी शिकलेल्या माणसाने बोलायचं नाही तर कधी बोलायचं, असं त्याला वाटलं, आणि तो बोलला. अर्धा तास बोलला. विम्याचे दोन भाग असतात, एक आपल्या गाडीचा आणि एक परक्याच्या नुकसानीचा. परका माणूस दगावला, जखमी झाला, तर कोर्ट ठरवेल ते कंपनी भरते. परक्याची भिंत, दुकान, गाडी मोडली तर साडेसात लाखांपर्यंत कंपनी भरते. अभ्यासिकेचं नुकसान साडेतीन लाखांच्या आत बसतं. मग उकंडकाकांच्या विटा कशाला घ्यायच्या? उलट घेतल्या तर घात होईल. मालकाने कंपनीला न विचारता कबुली दिली, परस्पर तडजोड केली, की कंपनी हात वर करते. तसं पॉलिसीतच लिहिलं आहे.

हे शेवटचं त्याने खरोखर वाचलेलं होतं. बारा पानांतलं तेवढं एकच कलम त्याला पाठ होतं.

अंजनाबाई विटांकडं बघत होत्या. म्हणाल्या, "तो देऊन राह्यला बापा, तर घेऊन घे ना. आपल्याले भितीशी मतलब."

"माय, हे असं नसते. हे कायद्याचं काम आहे."

त्या विटांपासून मागं सरल्या. पोराने परीक्षा दिली होती, त्यांनी नव्हती. दुपारपर्यंत विटा परत ट्रॉलीत भरल्या गेल्या. वस्तीतल्याच पोरांनी त्या भरल्या. उकंडरावांचा चेहरा उजळला हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांनी उत्कर्षच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले की, गावात असा एक तरी पोरगा पाहिजे. मग उत्कर्षने वस्तीला पोलीस ठाण्यात नेलं, तक्रार लिहून दिली, पंचनामा करवला, फोटो काढले. चार दिवस तो जिथं जाईल तिथं त्याला चहा मिळाला. खोटं कशाला बोला, त्याला ते फार आवडलं.

महिन्याभराने वाशीमच्या शाखेतून बोलावणं आलं. तिथल्या अधिकारी बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडं वळवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. परक्याच्या मालमत्तेचं नुकसान, मर्यादा सहा हजार रुपये. उत्कर्ष म्हणाला, चूक आहे, साडेसात लाख असते. बाई म्हणाल्या की एरवी असते. पण गाडीमालकाला हप्ता थोडा कमी करून हवा असेल, तर ही मर्यादा सहा हजारांवर आणता येते, ट्रॅक्टरला त्याचे दोनशे रुपये वाचतात, आणि तुमच्या मालकाने ते मागितलेलं आहे. सहा हजार कंपनी देईल, बाकी मालकाने द्यायचे. मग त्यांनी अर्जाची प्रत काढून दिली. चौकटीत निळ्या बॉलपेनने बरोबरची खूण केलेली होती. खाली सही उकंडरावांची होती, खूण उत्कर्षची.

त्याला सगळं आठवलं. नवीन होता तेव्हा रिसोडच्या एका जुन्या एजंटाने त्याला शिकवलं होतं, इथं खूण मारायची, हप्त्याचं कोटेशन उतरते, गिऱ्हाईक शेजारच्या टेबलावर जात नाही. ती चौकट कशाची, हे त्याने विचारलं नव्हतं, आणि नंतर कधी वाचलंही नव्हतं. सहा वर्षं त्याचा हात आपसूक तिथं जायचा. बाईंनी विचारलं, पाणी देऊ का? तो नको म्हणाला आणि बाहेर येऊन पायरीवर बसला. त्याला रडू आलं नाही. त्याला स्वतःची किळस आली.

उकंडरावांकडं जाणं भागच होतं. त्यांच्या वाड्याबाहेर सोयाबीनच्या गोदामाला नवं कुंपण झालं होतं, कमरेएवढं, पक्क्या विटांचं. त्या विटा कोणत्या हे उत्कर्षने ओळखलं. उकंडराव खाटेवर बसले होते. त्यांना वकिलाकडून सगळं कळलेलं होतं.

"मी तुले विचारलं होतं का नाई, सारं येते ना म्हणून?"

"विचारलं होतं, काका."

"मंग तू काय म्हणला?"

"फुल आहे म्हणलो."

उकंडरावांचा राग खोटा नव्हता, हे मानलं पाहिजे. त्यांना न सांगता त्यांच्या डोक्यावर तीन लाखांहून जास्तीचा बोजा ठेवला गेला होता, तोही दोनशे रुपये वाचवून. पण माणूस सरपंचकीत मुरलेला. रागातूनही कामाचं तेवढं वेगळं काढायची त्यांना सवय होती. उत्कर्षने विचारलं, काका, विटा द्यायचं तुम्ही बोलला होता. ते म्हणाले की, तेव्हा बोललो होतो, आता वकिलाने बोलू नको म्हटलं आहे. मग त्यांनी उशीखालून एक टाइप केलेला कागद काढला. वस्तीची काही तक्रार नाही, नुकसानभरपाई मागायची नाही, असा मजकूर होता. खाली अभ्यासिकेच्या वतीने अंजनाबाईंच्या सहीची जागा मोकळी होती.

"तुह्या मायची सही आण," ते म्हणाले. "मंग ती खूण कोन मारली, हे माया तोंडातून निंगणार नाई. लोकाईले सांग, कंपनीनं फसवलं. कंपनीले इथं कोन ओळखते?"

उत्कर्षने कागद घडी करून खिशात घातला. तो फाडून त्यांच्या तोंडावर फेकावा असं त्याला वाटलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं, आणि ते वाटलं म्हणून पुढं आयुष्यभर त्याला स्वतःची लाज वाटणार होती.

रविवारी सकाळी वंदना झाली. लोक विहारातून बाहेर पडले आणि मोडक्या खोलीपाशी रेंगाळले. पडलेल्या भिंतीच्या जागी हिरवी ताडपत्री बांधली होती. आत वस्तीतली रूपा तलाठ्याच्या भरतीचं पुस्तक घेऊन बसली होती. वारा आला की ताडपत्री फडफडायची आणि ती पुस्तकावर दोन्ही हात ठेवायची. अंजनाबाई उंबऱ्याशी उरलेल्या टेबलांवरची धूळ पुसत होत्या. उत्कर्षने कागद त्यांच्यापुढं ठेवला. कंपनीने दगा दिला, असं तो म्हणाला. सहा हजारांच्या वर ते देत नाहीत, कोर्टात वर्षं जातील, वकील आपल्याला परवडणार नाही, त्यापेक्षा मिटवून टाकू. रस्त्यात पाठ केलं होतं, ते सगळं त्याने न अडखळता म्हटलं.

अंजनाबाईंनी हात पदराला पुसले आणि पेन घेतला. त्या सही करायला साठीच्या घरात शिकल्या होत्या, याच खोलीत. सहीला त्यांना वेळ लागायचा. त्या वाकल्या, पेन टेकवला आणि थांबल्या.

"तू वाचून पाह्यला ना हा कागद, बापा?"

त्यात संशय नव्हता. ते नेहमीचं विचारणं होतं, घरात लाइटबिल आलं तरी त्या असंच विचारत. पण उत्कर्षने कागदावर हात ठेवला. मग सगळं सांगून टाकलं. खूण, चौकट, दोनशे रुपये, जुना एजंट, उकंडरावांची खाट, त्यांनी घातलेली अट. सांगताना त्याचा आवाज इतका पडला की रूपाला ताडपत्रीमागून बाहेर यावं लागलं. बाकीचेही जवळ आले.

कुणी शिवी दिली नाही. कुणी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. एका म्हाताऱ्याने फक्त विचारलं की, मग त्या दिवशी विटा कायले वापस धाडल्या?

अंजनाबाईंनी सही केली नाही. पेनाला टोपण लावलं आणि त्या विहारात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात महिला मंडळाची पत्र्याची पेटी होती. वस्तीत ज्यांच्या घरावर टिनं गळतात, त्यांच्या विम्याची कागदपत्रं त्या पेटीत राहायची. मोटरसायकली, दोन ऑटो, एक काळीपिवळी जीप, रूपाची स्कूटी. वस्तीतल्या एकूण एक गाडीचा विमा उत्कर्षनेच उतरवलेला होता. आपला पोरगा असताना दुसऱ्याकडं कोण जाईल?

त्यांनी पेटी टेबलावर ठेवली, सगळ्यात वरचा कागद काढला आणि त्याच्या हातात दिला. तो रूपाचा होता.

"याच्यात बी हाये का ते?"

त्याने पान उलटलं. ती ओळ शोधायला आता त्याला वेळ लागला नाही.

"आहे," तो म्हणाला.

"असं नाई. काय लिवलं ते वाच. मोठ्यानं वाच, साऱ्याईले ऐकू गेलं पायजे."

उत्कर्षने वाचलं. परक्याच्या मालमत्तेचं नुकसान, मर्यादा सहा हजार रुपये. रूपाने कागद त्याच्या हातातून घेतला, ती ओळ स्वतः एकदा वाचली आणि बाजूला उभी राहिली. अंजनाबाईंनी दुसरा कागद काढला. तो ऑटोवाल्याचा होता, आणि ऑटोवाला समोरच उभा होता. त्यातही तेच होतं, तेही त्याने वाचलं. तिसरा उघडायच्या आधी त्याने आईकडं पाहिलं. त्या त्याच्याकडं बघत नव्हत्या. त्यांचा हात पेटीत होता, आणि पेटीत अजून एकोणीस कागद होते.