नर्सबाई रिसॉर्टवर गेल्या

गावात रिसॉर्ट आलं आणि वर्षाच्या आत डांबरी रस्ता आला, दिवे आले, घरटी एक माणूस कामाला लागलं. नर्सबाईंचा दादा पाहुण्यांची गाडी चालवू लागला. मग बाईंनीही आरोग्यकेंद्रातली नोकरी सोडली. बारा वर्षं त्यांनी गावातली बाळंतपणं केली. सगळे त्यांना नर्सबाईच म्हणत. पण पगार चार-चार महिने यायचा नाही. रिसॉर्टच्या मसाजघरात तो एक तारखेला मिळायचा.

"बाळं झेलायचे हात हे, अन् परक्यांचे पाय चोळणार?" आई म्हणाली.

"पोटाला कुणाचेही पाय चालतात, आई."

आईचं औषध त्याच पगारातून येणार होतं. केंद्रावर नवी नर्स आलीच नाही. दाराला कुलूप लागलं.

वहिनीचे दिवस भरत आले होते. "वन्सं, तुम्ही असताना मला कसली भीती?" ती म्हणायची. बाईंनी पुढच्या आठवड्याची रजा घेऊन ठेवली होती. कळा मात्र आधीच सुरू झाल्या, भर दुपारी. दादा पाहुण्यांना घेऊन धबधब्यावर गेला होता, तिथे फोन लागत नाही. बाईंचा फोन रिसॉर्टच्या नियमाप्रमाणे कपाटात बंद. शेजारीण धावत फाटकावर गेली, तर पहारेकरी म्हणाला, "आत पाहुण्या आहेत. संपलं की सांगतो."

दोन तासांनी कपाट उघडलं. आईचे सतरा फोन. बाई अनवाणीच पळत सुटल्या.

मूल पायाळू होतं, मध्येच अडकलं होतं. बाईंनी ते सोडवलं. तोंडात फुंकर घातली, तळपाय चोळले, पाठ थोपटली. ते रडलं नाही.

"तुम्ही लवकर आला असतात तर?" वहिनीनं विचारलं.

"वाचलं असतं," बाई म्हणाल्या. खोटं बोलायला त्यांची जीभ वळेना.

आठवड्याभरात त्या आरोग्यखात्याच्या मोठ्या कचेरीत जुनी जागा परत मागायला गेल्या.

"ती जागा रद्द झाली," साहेब म्हणाले. "रिसॉर्टवर डॉक्टर असतो ना तुमच्याकडे?"

"तो पाहुण्यांसाठी असतो, साहेब."

साहेबांनी पुढचा कागद ओढला.

बाई पुन्हा कामावर रुजू झाल्या. सुट्टीच्या दिवशी मात्र त्यांनी शेजारच्या दोन सुनांना ओसरीवर बसवून बाळंतपणाचं काम शिकवायला घेतलं. पोरी हुशार होत्या, भराभर शिकत होत्या. महिन्याच्या आत दोघींनाही रिसॉर्टच्या धुलाईखान्यात नोकरी लागली.