नदीच्या पाण्याचा पेला

राजधानीतून, पोर्ट-ओ-प्रिन्सहून आलेला डॉक्टर फ्रेनेल रांगेतल्या लोकांच्या तोंडात कॉलऱ्याची लस ओतत होता, आणि स्वतः मात्र बाटलीतलं पाणी पीत होता. मला तिथेच संशय आला. आर्तिबोनीत नदीकाठच्या बसथांब्यावर मी तीस वर्षं केळी तळतेय; बसमध्ये शिरून सगळ्या रोगांवर एकच औषध विकणारे भामटे रोज बघते.

"तू घेतलीस का रे ही लस?"

"घेतली, मावशी."

मी नदीचं पाणी पेल्यात भरून त्याच्यापुढे धरलं. "मग पी!"

तो दोन पावलं मागे सरला. "छे हो! लस घेतली तरी पाणी उकळूनच प्यायचं. ही काही जादू नाही."

रांगेतल्या बाया खिदळल्या. मी लशीसाठी तोंड उघडलं. भामटा असता, तर पेला गटागटा पिऊन दाखवला असता.