गिरमिटाचे चाळीस खड्डे

सत्त्याहत्तर साली मी ट्रॅक्टरला जोडायचं गिरमिट बनवलं. सुतार ज्यानं लाकडाला भोक पाडतो तेच, फक्त दोन फूट रुंद आणि माणसाएवढं उंच. त्याचं टोक शिरोलीच्या फाउंड्रीत ओतून घेतलं, गिअरपेटी माझ्या वर्कशॉपमध्ये मी स्वतः बसवली. मंगळवार पेठेत आमच्या दारात ते उभं केलं तेव्हा येणारा-जाणारा थांबून बघायचा. मीही काहीतरी निमित्त काढून दारातच रेंगाळायचो. कौतुक फुकट मिळत असेल तर कोण सोडतो?

माझे सासरे भरमाप्पा शिरोळकडचे. वय सत्तरीला टेकलेलं. नदीकाठचा त्यांचा ऊस दर दोन-तीन वर्षांनी पुरात बसायचा, म्हणून वरच्या अंगाच्या एकरभर काळ्या रानात हापूसची चाळीस कलमं लावायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. "कलमाला पाचव्या वर्षी फळ धरतंय," ते मला म्हणाले, "पाच वर्षं काय मी मरत न्हाई. घरच्या झाडाचा आंबा खाऊनच जाणार." उभ्या जन्मात या माणसानं स्वतःसाठी काही मागितलेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

त्यांच्याकडची रीत अशी की खड्डे चैत्रात काढायचे, दोन महिने उन्हात तापू द्यायचे आणि पावसाच्या तोंडावर शेणखत-माती भरून झाड लावायचं. खड्डे काढायला त्यांनी माणसं ठरवलीही होती. मी म्हटलं, "मामा, माणसं माघारी लावा. त्यांचं महिन्याचं काम माझं गिरमिट एका दिवसात करतंय." सासूबाई, म्हणजे बसव्वा, त्यांच्या तोंडाकडे बघायला लागल्या. ते एवढंच म्हणाले, "जावई म्हणत्यात न्हवं? मग झालं." माणसं माघारी गेली.

आणि ऐन वेळी माझ्या गिअरचा दात तुटला. नवा बसवेपर्यंत चैत्र गेला, वैशाख गेला. जूनच्या अखेरीस, रान भिजून लोण्यासारखं झाल्यावर मी ट्रॅक्टर घेऊन पोचलो. कलमं कधीची परड्यात येऊन पडली होती. शहाण्यानं म्हटलं असतं, यंदा राहू दे, पुढच्या चैत्रात बघू. पण सगळ्या गावाला मी येणार हे कळलेलं, आणि मला शहाणपणापेक्षा मिशी मोठी होती.

गिरमिट फिरायला लागलं आणि गाव बांधावर गोळा झालं. लोण्यात बोट घालावं तसं ते जमिनीत जात होतं. खड्डा असा गोल, की परात ठेवून आखावा. आतल्या भिंती तर थापीनं घोटल्यासारख्या गुळगुळीत, चकचकीत. "काय सफाई हाय पावणं!" लोक म्हणायचे, आणि मी मुद्दाम वेग वाढवायचो.

सहावा का सातवा खड्डा चालू होता. मागं वळून बघतो तर भरमाप्पा पहिल्या खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसलेले, हातात पहार, आणि आतल्या भिंतीला टोचे मारायचं काम चाललेलं. माझं डोकंच फिरलं. ट्रॅक्टर तसाच चालू ठेवून मी खाली उतरलो.

"मामा, हे काय करायलायसा?"

"काय न्हाई, कडा जरा खरवडतो. मुळीला वाट व्हईल म्हून..."

"एवढी सफाई काढली ती खरवडायला? गावासमोर माझ्या मशिनीची शोभा करतासा व्हय? इस्वास नसंल तर तसं सांगा, आत्ता ट्रॅक्टर घिऊन माघारी जातो."

भरमाप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग पहारीकडे. पहार बांधावर ठेवली आणि हसत म्हणाले, "न्हाई न्हाई, तुमचंच बरोबर. म्हाताऱ्याची खोड हो." बसव्वांना त्यांनी माझ्यासाठी चहा आणायला पिटाळलं. मी चाळीसही खड्डे संध्याकाळच्या आत संपवले आणि रुबाबात घरी आलो.

पहिलं वर्ष कलमं तग धरून राहिली. दुसऱ्या पावसाळ्यात पानं पिवळी पडली आणि दिवाळीपर्यंत चाळीसातली तेहेतीस वाळून गेली, उरलेली सात खुरटली. मी गेलो तेव्हा घरात कुणी नव्हतं. फावडं घेऊन एक झाड मुळापासून खणून काढलं. खड्ड्याची भिंत तशीच्या तशी गुळगुळीत होती. ओल्या काळ्या मातीला माझ्या पात्यानं असं घोटलं होतं की वाळल्यावर तिचं भाजलेलं मडकं झालं. पाणी आतच साचलेलं, आणि मुळं बाहेर पडायला जागा न मिळाल्यानं गोल गोल फिरून कुजलेली. पहारीच्या चार टोच्यांनी हे टळलं असतं.

तेवढ्यात बांधावरून आवाज आला. भरमाप्पा आणि त्यांचा शेजारी आकाराम. आकारामला चिकूची बाग करायची होती. त्यानं मला लांबनंच विचारलं, "काय पावणं, तुमच्या मशिनीनं म्हाताऱ्याची बाग खाल्ली म्हणं?"

माझ्या हातात ते कुजलेलं मूळ होतं. मी तोंड उघडणार, तोवर भरमाप्पाच बोलले. "मशिनीला काय झालंय? मीच गाढव. कलमं बघून घ्यायला पायजे हुती, किडकी घेतली. तू बिनघोर खड्डे मारून घे की."

मी मूळ पायाखाली टाकलं आणि त्याच्यावर माती ओढली.

पुढच्या चैत्रात आकारामचे खड्डे मी मारले. कोरड्या रानात मारले, आणि जेवणाच्या सुट्टीत कुणी नाही असं बघून प्रत्येक खड्ड्याची भिंत स्वतः पहारीनं फोडली. त्याची बाग अशी फोफावली, की तालुक्यातनं मला बोलावणी यायला लागली. भरमाप्पांच्या नावावर मात्र शिक्का बसला, म्हातारा कलमांत फसला. जन्मभर बैल, बियाणं, माणूस पारखून घेणारा तो माणूस, पण गावातली पोरंटोरं कलमं घ्यायला निघाली की त्याला चेष्टेनं विचारायची, "अप्पा, तुम्ही येतासा का निवडायला?" ते हसून घ्यायचे. मी तिथं असलो की मीही हसायचो. त्या हसण्याची मला आज शरम वाटते.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात ते अंथरुणाला खिळले. माझी बायको शांता आधीच माहेरी गेली होती. मी पोचलो तेव्हा दोघी मायलेकी चुलीपाशी होत्या आणि ते एकटे पडून होते. मी उशाशी बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. "मामा, कलमं चांगली हुती. झाडं माझ्या खड्ड्यांनी मारली."

"मला म्हाईत हाय की," ते म्हणाले.

"कधी कळलं?"

"त्याच दिशी. पहार काय उगं घेतलती?"

मला राग आला. खरंच राग आला, त्या माणसाचा, त्या अवस्थेत. "मग बोलला का न्हाईसा? चार शिव्या घालायच्या. मी न्हाई ऐकलं तरी, रात्री उठून चाळीस खड्डे खरवडायचे. रान तुमचं, झाडं तुमची!"

ते म्हणाले, "जावयाला कसं बोलायचं? तुम्ही रागाचं माणूस. रुसून ट्रॅक्टर घिऊन गेला असतासा, परत पायरी चढला नसतासा. मग शांता माझी कंच्या तोंडानं म्हायेराला आली असती? झाडाचं काय इवढं."

त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं. मी खरंच पुन्हा गेलो नसतो. शांतालाही पाठवलं नसतं.

चुलीपासून शांताच्या हसण्याचा आवाज येत होता. आईला ती काहीतरी सांगत होती. भरमाप्पांनी तिकडे मान वळवली आणि ऐकत राहिले. मी त्यांचा पोरगा असतो तर त्या दिवशी बांधावरच त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली असती आणि पहार माझ्याच हातात दिली असती. ती एक कानाखाली मला मिळायला हवी होती.